थरथरणाऱ्या पांढऱ्या काठीचे सात महिने: घ्यावी का, तर घ्या, पण रस्ता ओलांडायला नाही

फेब्रुवारीत घेतली, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि गणपती तिन्ही या काठीबरोबर काढलं, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. आधी माझं सांगतो. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिग्मेंटोसा, नळीतनं बघितल्यासारखं मधलं थोडं दिसतं, बाजूचं काही नाही आणि अंधार पडला की तेवढंपण नाही. राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीत, काम स्टेशन रोडला, म्हणजे रोज परीख पूल, एसटी स्टँड, दाभोळकर कॉर्नर. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको.

काठी म्हणजे साधी घडीची पांढरी काठीच, मुठीत सेन्सर आहे. ऐकू न येणारा आवाज सोडतो, समोरच्या वस्तूवरनं परत आला की मूठ थरथरते, वटवाघळासारखं. वस्तू जवळ आली की थरथर वाढते. लांबचा मोड साधारण तीन मीटरचा. आपल्याकडं दिल्लीच्या आयआयटीनं केलेली अशी काठी 2014 सालीच बाजारात आलीय, माझी ती नाही, दुसरी आहे.

आता काम कुठं करते ते सांगतो, कारण तिथं खरंच पैसे वसूल झाले. साधी काठी जमिनीवरचं सांगते, गुडघ्याच्या वरचं नाही. आणि आपल्याला लागतं ते वरच. टेम्पोच्या मागनं बाहेर आलेल्या सळ्या, दुकानाचं खाली उतरलेलं शटर, वाढदिवसाच्या फ्लेक्सची दोरी, रिक्षाचा आरसा. मागच्या वर्षी माझ्या कपाळाला दोनदा टाके पडले, या सात महिन्यांत एकदाही नाही. बायको म्हणते तेवढ्यासाठीच घे दुसरी पण. खड्डा आणि उघडी गटार मात्र सेन्सरला कळत नाही, ते अजून काठीचं टोकच सांगतं, म्हणून सेन्सर आहे म्हणून काठी हवेत धरून चालू नका, मी पहिल्या आठवड्यात चाललो आणि पाय मुरगळून घेतला.

पण मी घेतली होती रस्ता ओलांडण्यासाठी. आणि तिथं ही काठी जवळजवळ निरुपयोगी आहे. काठीचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. तीस किलोमीटरनं येणारी मोटरसायकल सेकंदाला आठ मीटर सरकते, मग तीन मीटरवर आल्यावर मूठ थरथरली तरी हातात अर्धा सेकंदपण नसतो. तेवढ्यात माणूस "अरे" पण म्हणू शकत नाही.

ओलांडायचं असतं कानानं. मला मोबिलिटी, म्हणजे काठी घेऊन एकट्यानं फिरायला, शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेलं, आपल्या समांतर जाणारी ट्रॅफिक सुरू झाली की समोरची आडवी थांबलेली असते, तेव्हा निघायचं. पुस्तकात बरोबर आहे. दाभोळकर कॉर्नरला त्याचं काय होतं बघा. एक तर डावीकडं वळणारे कुणासाठी थांबत नाहीत, समांतर ट्रॅफिकमधलाच एकजण सरळ माझ्या पायावर वळतो. दुसरं म्हणजे तो सिग्नलवरचा आकड्यांचा टायमर. मला आकडे दिसत नाहीत, पण पाच-सहा सेकंद राहिले की सगळे एकदम गाड्या चालू करून रेस करतात आणि तीनला निघतातच. म्हणजे माझ्या कानाला "सुरू झालं" असं वाटतं तेव्हा आडव्या बाजूचं शेवटचं अजून चाललेलं असतं. हे मला मे महिन्यात कळलं, एका केएमटी बसच्या हॉर्ननं. तेव्हापासनं पहिला लोंढा सोडून देतो, चार आकडे मोजतो, मग पाय टाकतो.

त्यात बॅटरीवरच्या स्कूटर. आवाजच नाही, फक्त टायरचा सूं, आणि जुलैच्या पावसात ओल्या रस्त्यावर सगळंच सूं. छत्रीवर पाणी वाजत असलं की संपलं, रेनकोट घाला, छत्री नको. गणपतीत डॉल्बी लागली की मी ओलांडतच नाही, कुणाला तरी विचारतो.

यावर उपाय म्हणजे सिग्नलनं बोलायला पाहिजे, काठीनं नाही. बाहेरच्या देशांत सिग्नल टकटक करतो, थांबा म्हणताना सावकाश, चला म्हणताना भरभर. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो, हिरवा लागला की बोटाखाली फिरतो, डॉल्बी असो नाहीतर पाऊस असो. मी जातो त्यातला एकही सिग्नल असलं काही करत नाही, खरं तर अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा रस्तेपण सगळ्यांना वापरता यावेत असंच सांगतो. फुटपाथवरच्या त्या पिवळ्या उठावाच्या फरशा जपानात 1967 साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या, लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. आमच्याकडं एके ठिकाणी रेघांमागनं चालत गेलो तर रेघा थेट विजेच्या खांबाला भिडल्या. तिथं मात्र काठी थरथरली हां!

लोकांबद्दल. कोल्हापूरकर मदतीला कमी नाही, पण पद्धत चुकते. "या मामा, सोडतो पलीकडं" म्हणत काठीचं पुढचं टोकच धरतात आणि बैलाला कासऱ्यानं ओढावं तसं ओढतात. काठी धरली की मी खरा आंधळा झालो, एवढं लक्षात ठेवा. विचारा, मग तुमचा कोपर मला धरू द्या, मी अर्धा पाऊल मागं चालतो. स्टँडसमोरच्या एका चहावाल्याला एकदाच सांगितलं, आता तो गाड्यावरनंच ओरडतो, "थांबा, अजून एक येतोय... हां, आता चला." सात महिन्यांत मला यापेक्षा चांगला सिग्नल मिळाला नाही. रविवारी त्याचा गाडा बंद असतो.

बाकी बारीकसारीक. चार्ज तीन दिवस टिकतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबर दोन महिन्यांत सैल झालं, पावसाळाभर चिकटपट्टी लावून ढकलली. गर्दीत, म्हणजे महाद्वार रोडला वगैरे, मूठ सारखीच थरथरते, तिथं बंद करून टाका, हात बधिर होतो नुसता. आणि खालचं टोक घासतं लवकर, माझी दोन संपली, तिसरं चालू आहे, काठी मागवतानाच जादाची टोकं घेऊन ठेवा.