हाताने कार पॉलिश करायचीय, पण पॅड कुठलं घेऊ? फोम, मायक्रोफायबर की घरातलं फडकं

पॉलिश कुठलं घ्यायचं यावर लोक ढीगभर व्हिडिओ बघतात आणि ते लावायचं कशाने हा प्रश्न मात्र डब्यासोबत फुकट आलेल्या गोल स्पंजवर सोडून देतात. मशीनला निदान मोटरचा वेग तरी असतो, हाताने घासताना तोही नाही, जे काही होणार ते पॉलिशमधल्या बारीक कणांमुळे आणि ते कण पेंटवर दाबून फिरवणाऱ्या वस्तूमुळे. म्हणून माझं तरी स्पष्ट मत आहे की बजेट कमी असेल तर पॉलिश साधं घ्या आणि पॅड नीट घ्या.

आधी त्या फुकटच्या स्पंजचं बोलू. तो वॅक्ससाठी, म्हणजे पॉलिशनंतर लावायच्या चमकदार संरक्षक थरासाठी बनवलेला असतो, म्हणजे मऊ आणि पातळ थर पसरवण्यापुरता, आणि वॅक्सला तो एकदम बरोबर आहे, फेकू नका. पण त्याने पॉलिश घासायला गेलात की तो दाबला जाऊन पापड होतो आणि सगळा जोर चार बोटांच्या टोकांवर येतो, मग जिथे बोट तिथे जास्त घासलं जातं आणि मधली जागा तशीच राहते, दमतो आपण आणि उन्हात बघावं तर स्वर्ल मार्क, म्हणजे ते गोलगोल बारीक ओरखडे, जागच्या जागी.

आता खरी लढत, जरा घट्ट फोम आणि मायक्रोफायबर. दोन्ही साधारण ४ इंची गोल मिळतात, काहींना मागे बोटं घालायला पट्टा किंवा खिसा असतो.

मायक्रोफायबर जास्त कापतं, म्हणजे पेंटचा वरचा थर घासून ओरखडे लवकर काढतं. त्याचे बारीक धागे पॉलिशचे कण धरून ठेवतात आणि ते धागे स्वतःही पेंटवर थोडंफार काम करतात, त्यामुळे त्याच पॉलिशने, तेवढ्याच जोरात घासलं तरी फोमपेक्षा लवकर फरक दिसतो. वॉशिंगचे जाळीसारखे ओरखडे, दाराच्या हँडलच्या खोबणीत नखांनी झालेले चरे, पक्ष्यांच्या विष्ठेचे हलके डाग, अशा ठिकाणी हाताने काही जमवायचं असेल तर मी मायक्रोफायबरच उचलीन. पण पेंट मऊ असेल तर हेच पॅड मागे धुरकटपणा सोडतं, म्हणजे जुने ओरखडे गेले पण त्यांच्या जागी अगदी बारीक नवे आले. पांढऱ्या, सिल्व्हर गाडीवर ते कुणाच्या लक्षात पण येणार नाही, काळ्या गाडीवर मात्र टॉर्च मारला की लगेच दिसतं. आणि दारांच्या काचांमधल्या खांबांवरचं ते चकचकीत काळं प्लॅस्टिक असतं ना, त्यावर तर मायक्रोफायबर नेऊच नका, ते नुसत्या फडक्याने पण ओरखडतं.

फोम उलट स्वभावाचा. कापतो कमी, पण फिनिश स्वच्छ देतो, आणि बंपरच्या वळणांवर, कडांवर छान बसतो. फक्त घेताना दाबून बघा, अंगठ्याने दाबल्यावर पूर्ण चपटा होत असेल तर तो वॅक्सवाला समजा, थोडा विरोध करून परत फुगत असेल तर पॉलिशला चालेल. रंगावरून ठरवू नका, एका कंपनीचा केशरी म्हणजे दुसरीचा निळा, त्याला काही नियम नाही.

मग एकच घ्यायचं झालं तर? गाडी नवी असेल, गडद असेल किंवा फक्त चमक वाढवायची असेल तर फोम, डोळे झाकून. गाडी फिक्या रंगाची आहे, चारपाच वर्षं कशीही धुतली गेलीय आणि ओरखड्यांचा राग आलाय तर मायक्रोफायबर. दोन्ही परवडत असतील तर उत्तमच, आधी मायक्रोफायबरने ओरखडे काढा आणि मग त्याच जागेवर फोमने बारीक पॉलिश फिरवून धुरकटपणा घालवा. तरी आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेवर ट्राय करा, कारण पेंट मऊ की कडक हे नुसतं बघून कळत नाही.

एक गोष्ट लोकांना फालतू वाटते पण मला सगळ्यात कामाची वाटते, ती म्हणजे हातात धरायचा गोल ठोकळा, ज्याला खाली पॅड चिकटवता येतं. सपाट पृष्ठभागावर जोर सगळीकडे सारखा पडतो, मनगट कमी दुखतं, आणि एकाच ठोकळ्याला फोम आणि मायक्रोफायबर आलटून पालटून लावता येतं. बॉनेट, छप्पर, दारं यांना ठोकळा आणि अरुंद जागांना नुसतं बोटांवरचं पॅड. कडांवर मात्र ठोकळा नको, तिथे पेंट पातळ असतो आणि सगळा जोर एका रेषेवर येतो.

टेरी कॉटनचं, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाचं गोल पॅड जुन्या पद्धतीचं, अजून मिळतं, पण मायक्रोफायबर असताना ते घ्यायचं कारण मला दिसत नाही, कॉटन पॉलिश पिऊन टाकतं आणि शिवण पेंटला लागते ते वेगळंच. जुना टीशर्ट, पिवळं फडकं हे डॅशबोर्डसाठी ठेवा. भांड्यांचा हिरवा स्क्रबर किंवा भिंतीवरचे डाग काढणारा पांढरा मॅजिक स्पंज चुकूनही नको, तो पांढरा हाताला मऊ लागतो म्हणून लोक फसतात, प्रत्यक्षात तो बारीक सँडपेपरसारखा घासतो. सिरॅमिक कोटिंगसोबत (पेंटवर लावायचा टिकाऊ संरक्षक थर) येणारं स्वेडचं, म्हणजे मखमली पोताचं छोटं कापड फक्त कोटिंग पसरवायला, पॉलिशला नाही.

आणि पॅड कितीही भारी घ्या, नख अडकतं असा चरा हाताने जाणार नाही. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक गाड्यांवर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, चरा त्यात खोल गेला असेल तर घासत बसण्यात अर्थ नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या पेंटवर तर कुठलंच पॅड नाही. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरला तर घाबरू नका, तिथे ते व्हायचंच.

वापरताना पॉलिशचे तीनचार थेंब बास. एका पॅनेलनंतर पॅड स्वच्छ टॉवेलवर पुसा नाहीतर बदला, कारण सुकलेलं पॉलिश आणि निघालेला पेंट त्यात भरला की चांगलं पॅड पण कापायचं थांबून ओरखडायला लागतं, मायक्रोफायबर तर फारच लवकर भरतं, म्हणून ते घेताना दोनतीन घ्या, फोम दोन पुरतात. पॉलिशचं आणि वॅक्सचं पॅड वेगळं ठेवा. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर नाही, सुकवणं सावलीत. जमिनीवर पडलेलं पॅड झटकून परत पेंटला लावू नका, धुतल्यावरही शंका वाटली तर त्याला चाकांच्या कामाला लावा.