दिवाळे जेट्टीजवळचे होडी-इंजिन दुरुस्तीचे दुकान: कार्बोरेटरआधी पाइप पाहणारा मिस्त्री

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून जेट्टीकडे उतरताना पत्र्याची एक शेड लागते. तिच्यावर पाटी नाही. लाकडी घोडीवर टांगलेली दोन-तीन आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायची) इंजिने आणि बाजूला पाण्याने भरलेले निळे पिंप दिसले की तेच दुकान समजावे. गेल्या मार्चमध्ये मला तेथे तीन वेळा जावे लागले, आणि त्या तीन फेऱ्यांच्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे.

आमची फायबरची होडी सारसोळे जेट्टीवर असते. तिला १५ अश्वशक्तीचे, एकाच कार्बोरेटरचे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. तक्रार अशी होती की इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू होई, सावकाश चालवल्यास तासभरही कुरकुर करत नसे. परंतु वेग वाढवून दहा मिनिटे झाली की आवाज बसत जाई आणि भर खाडीत ते बंद पडे. त्याआधी आम्ही शहरातील एका गॅरेजात इंजिन दिले होते. तेथे दोन वेळा कार्बोरेटर साफ झाला, मग त्याचा संपूर्ण किट बदलला, प्लग नवे बसले आणि एकूण ३,४०० रुपये गेले. प्रत्येक सफाईनंतर दोन-तीन फेऱ्या बऱ्या जात आणि दुखणे पुन्हा तेथेच येई. गॅरेजवाल्यांची हयगय होती असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी प्रत्येक वेळी इंजिन पिंपात चालवून पाहिले आणि पिंपात ते उत्तमच चालले.

दिवाळ्याच्या मिस्त्रींना फोनवर हे सांगितल्यावर त्यांचे उत्तर एवढेच होते: "मशीन काढू नका दादा, भरतीला होडीच घेऊन या." पिंपात पंख्यावर खरा भार येत नाही, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला इंधनाची जी ओढ लागते ती तेथे निर्माणच होत नाही, हे त्यांनी नंतर होडीत बसल्यावर समजावले. आम्ही हळूहळू होडी नेली, ते स्वतः चढले, भावाला सुकाणूवर बसवले आणि पान्याला हात न लावता टाकीजवळ उकिडवे बसून राहिले. इंजिन मंदावू लागताच त्यांनी पाइपमधला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, चिमटीत धरला आणि मला धरायला लावला. तो चपटा होऊन आत ओढला गेला होता.

या एका खुणेवरून त्यांनी अर्धे निदान केले, आणि दुकानाची खरी किंमत माझ्या मते येथेच आहे. फुगा चपटा होणे म्हणजे पंप ओढतो आहे, परंतु टाकीकडून इंधन येत नाही. फुगा नीट भरलेला असताना इंजिन मरत असेल आणि तो दाबत राहिल्यावर पुन्हा उचल खात असेल, तर संशय इंधन पंपाच्या पडद्यावर जातो. फुगा दाबूनही फरक न पडता चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढल्यावर इंजिन सावरत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक, तुंबला असण्याची शक्यता मोठी. फुगा कितीही दाबला तरी घट्टच होत नसेल, तर जोडांतून हवा शिरते आहे, फुग्यातील झडप गेली आहे किंवा कार्बोरेटरची फ्लोट-सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) बसत नाही.

पुढचा क्रमही तसाच सरळ होता. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते पाहिले, टाकीत बुडणाऱ्या नळीची जाळी पाहिली. दोन्ही ठीक निघाल्यावर स्वतःची टाकी आणि स्वतःचा पाइप जोडला. इंजिन वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालले. मग त्यांनी आमचा पाइप फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, उभा चिरून दाखवला. बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या त्या पाइपचे आतले अस्तर फुगून सुटले होते आणि ओढ वाढली की पडद्यासारखे मिटून वाट बंद करत होते. त्याच अस्तराचे काळे कण कार्बोरेटरच्या वाटीत सापडले. सफाईनंतर दोन फेऱ्या बऱ्या का जात, याचा उलगडा तेव्हा झाला.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रतीच्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणीही धरून ठेवते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि टाकीतील नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून मिस्त्री वाटीतले इंधन आधी काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवतात. आमच्या बाटलीच्या तळाशी बोटभर नाही, पण स्पष्ट दिसेल इतका थर होता.

आधीच्या गॅरेजात मुख्य जेटमधून तार फिरवली गेल्याने त्याचे भोक मोठे झाले होते आणि प्लग काळे, ओले येत होते. मिस्त्रींनी जेटवरचा छापील क्रमांक पाहून त्याच क्रमांकाचा नवा बसवला, पण त्यासाठी आठवडाभर थांबावे लागले. नवा पाइप, फुगा, पाणी वेगळे करणारा फिल्टर, जेट आणि मजुरी धरून २,९०० रुपये झाले. ऑइल मोटारसायकलचे न वापरता टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या) प्रतीचे, पेट्रोलच्या लिटरला २० मिलिलिटर या प्रमाणात घालावे, आणि १ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत होडी ओढून ठेवण्यापूर्वी पाइप काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यावे, असे त्यांनी बजावले. आम्ही तसे केले. ऑगस्टमध्ये इंजिन तिसऱ्या दोरीला लागले.

तक्रारी नाहीत असे नाही. पावती मिळत नाही. मागितल्यावर वहीच्या पानावर आकडे लिहून मिळाले. फोन अनेकदा उचलला जात नाही. शेडमध्ये उघड्या डब्यात पेट्रोल असताना दोन हातांवर कोणी विडी ओढत बसलेला असतो, आणि काढलेले खराब पेट्रोल जमिनीवर ओतले गेले, हे मला अजिबात पटले नाही. ज्या खाडीवर सर्वांचे पोट आहे तिच्या काठावर तर नाहीच. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना ते हात लावत नाहीत आणि तसे आधीच सांगतात, हे मात्र प्रामाणिकपणाचे.

दुकानाची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर आहे, त्यामुळे आदल्या दिवशी निरोप ठेवूनच जावे. होडी नेणे शक्य नसेल आणि केवळ इंजिन टेम्पोत घालून न्यायचे असेल, तर स्वतःची टाकी आणि पाइप, आतल्या शिल्लक इंधनासकट, बरोबर न्यावीत. ती घरी ठेवून आलेल्यांना मिस्त्री परत पाठवतात, आणि माझ्यासमोर त्यांनी दोघांना पाठवले.