फुकट मिळालेला तुकडा

गेल्या पावसाळ्यात एका माणसाने मला प्रवाळ वाढवायचं औषध विकलं आणि सोबत प्रवाळाचा एक तुकडा फुकट दिला. औषध खोटं निघालं. पैसे परत मागितले तेव्हा त्या फुकटच्या तुकड्याचाच धाक घालून त्याने मला गप्प बसवलं. माझ्या ओळखीतल्या आणखी तिघांना त्याने याच पद्धतीने गाठलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची आणि प्रवाळांची टाकी फोंड्याला घरीच आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दगड-वाळू वजा जाता पन्नासेक लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी आणि फक्त मऊ प्रवाळ: झोआ, मशरूम आणि एक लेदर. समुद्र एवढा जवळ असताना पाणी विकतच्या मिठाने का बनवता, असं लोक विचारतात. पावसाळ्यात मांडवी-झुआरी गोडं पाणी घेऊन उतरतात आणि मिरामारसारख्या किनाऱ्यावर पाण्याचा खारटपणा पार खाली येतो. टाकीत तो चढउतार चालत नाही. म्हणून आरओच्या पाण्यात रीफचं (प्रवाळाच्या टाकीसाठीचं) मीठ, घनता १.०२५, तापमान २६ अंशांच्या आसपास.

आठ महिने झाले तरी लेदर होतं तेवढंच होतं. मुलगी रोज विचारायची, "बाबा, हे जिवंत आहे ना?" मी उतावीळ झालो होतो, हे खरं.

मडगावला मीठ घ्यायला गेलो असताना दुकानाबाहेर हा माणूस भेटला. बोलण्यात मुरलेला, टाकीची माहिती नीट असलेला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोन फोटो आले, 'आधी' आणि 'महिन्यानंतर'. "पात्रांव, कॅल्शियम, केएच, मॅग्नेशियम, सगळं एकाच बाटलीत. रोज दहा मिली. महिन्यात दुप्पट." (केएच म्हणजे पाण्याची क्षारता.) अर्धा लिटरचे २,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी तो स्वतः घरी आला. बाटलीवर नाव नाही, घटक नाहीत, आणि बिल तर नाहीच. निघताना त्याने पिशवीतून अंगठ्याएवढी जांभळी फांदी काढली, चकतीवर चिकटवलेली. "ही माझ्याकडून भेट. औषधाचा गुण हिच्यावर आधी दिसेल." मी त्याला चहा पाजला. जाता जाता एक सल्लाही देऊन गेला: "टेस्ट किटच्या नादाला लागू नका, प्रवाळाकडे बघा."

मी बारा दिवस ऐकलं. आठवड्यात झोआ मिटले, लेदर खाली मान घालून बसलं. नवव्या दिवशी जांभळ्या फांदीची कातडी बुडापासून सोलून निघू लागली आणि तीन दिवसांत नुसता पांढरा सांगाडा राहिला. हीटरवर खरखरीत पांढरा थर चढला होता. तेव्हा कुठे किट काढलं. केएच ८ वरून १३ वर गेलेला, आणि कॅल्शियम वाढायचं सोडून ४२० वरून ४०० पीपीएमवर उतरलेलं.

माझा भाचा गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकतो. तो म्हणाला, "मामा, टाकी सोड, आधी बाटली तपास." लिटरभर आरओ पाण्यात त्या औषधाचे दहा मिली घातले. केएचच्या चाचणीत एक सिरिंज संपली तरी रंग बदलेना, दुसरी भरावी लागली. उत्तर तिशीच्या घरात. कॅल्शियम शून्य. औषधात व्हिनेगर टाकलं तर फसफसून वर आलं. खायचा सोडा होता तो.

तेव्हा मला कळलं की 'सगळं एकाच बाटलीत' हे ऐकल्यावरच मी थांबायला हवं होतं. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची घट्ट द्रावणं एकत्र केली की पांढरा साका बसतो, म्हणजे चुनखडीच तयार होते. म्हणून ही दोन औषधं दोन बाटल्यांत येतात आणि वेगवेगळ्या वेळी घालतात. कॅल्शियमचे वेगळे क्षार वापरून एकाच बाटलीत दिलेली चांगली औषधंही मिळतात, पण त्यांच्यावर घटक छापलेले असतात.

मुळात मला त्याची गरजच नव्हती. झोआ आणि मशरूम सांगाडा बांधतच नाहीत. लेदरच्या अंगात चुन्याचे बारीक कण असतात, तेवढंच. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की त्यांना लागणारं कॅल्शियम मिठातूनच मिळतं. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न बनवतं आणि त्या शेवाळाला थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतं. माझ्या टाकीत नायट्रेट शून्य होतं. पाणी चकचकीत राहावं म्हणून मीच सगळं काढून टाकत होतो. आता माशांना जरा जास्त खायला घालतो, नायट्रेट ५ च्या आसपास ठेवतो, दिवे रोज ठरल्या वेळी आठ तास. लेदरने चार महिन्यांत बाजूला एक पिल्लू काढलं आहे.

आता त्या तुकड्याचं. पैसे परत मागायला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ती फांदी अजून आहे ना तुमच्याकडे? ते कडक प्रवाळ. पोलिसांत जा, आधी तुम्हालाच उचलतील." माझे हातपाय गार पडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कडक, म्हणजे चुन्याचा दगडी सांगाडा बांधणारी, प्रवाळं आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं. मेलेला सांगाडासुद्धा घरात ठेवता येत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. टाकीत वाढवलेला तुकडा आपलं बूड चकतीवर पसरवत जातो. या फांदीचा ताजा तुटलेला बुडखा तसाच गोंदात रोवलेला होता. म्हणजे ती समुद्रातून तोडलेली असू शकते. मुरगावसमोर ग्रांडे बेटाच्या खडकांवर आपल्या गोव्याची प्रवाळं आहेत. अशी एखादी फांदी माझ्या टाकीत तीन दिवसांत सोलून मेली, हे मनातून जात नाही.

चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही असंच घाबरून बसावं, हेच त्याला हवंय." ओळखीच्या वकिलांकडून लेखी जबाब तयार करून घेतला आणि सांगाडा, चॅट, यूपीआयची पावती घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो. त्यांनी जबाब घेतला, सांगाडा ताब्यात घेतला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पैसे आलेले नाहीत, त्याचा नंबर बंद आहे.

असा तुकडा तुमच्याकडे असेल तर घाबरून तो समुद्रात किंवा कचऱ्यात टाकू नका. तारखेसकट फोटो काढा, विकणाऱ्याचे मेसेज पुसू नका, आधी वकिलाशी बोला. त्या तिघांपैकी एकाकडची फांदी अजून जिवंत आहे. सोमवारी मी त्याच्याबरोबर वनखात्यात जाणार आहे.