जिंबोचोतलं जुन्या ठसाचित्रांचं दुकान: शिनि-ए बघायला जा

माझी चाळीस वर्षं छापखान्यात गेली. रात्री अकराला कुणाच्या तरी निधनाची जाहिरात यायची, फोटोचा ब्लॉक निम्माशिम्मा असायचा आणि मजकूर सकाळच्या अंकात जायलाच हवा असायचा. त्यामुळे लेकीनं टोकियोत विचारलं, ‘बाबा, काय बघायचंय?’ तेव्हा मी म्हटलं, शिनि-ए. पूर्वी जपानात कुणी नामांकित माणूस, बहुधा काबुकी (जपानी संगीत-नाट्य) नट, गेला की घाईघाईनं छापून विकायचं त्याचं लाकडी ठशाचं चित्र.

जिंबोचो या टोकियोतल्या पुस्तकांच्या पेठेत यासुकुनी रस्त्याची बहुतेक पुस्तकांची दुकानं दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत. ऊन लागून कागद खराब होऊ नये म्हणून. त्याच रांगेत हे दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. मालकीणबाईंनी आधी हात धुवायला लावले, मग पुठ्ठ्याची पेटी समोर ठेवली आणि एकेक चित्र पाकिटातून काढून थेट हातात दिलं. काचेआडून बघून छपाई कळत नाही.

मी घेतलं ते आठवा इचिकावा दानजूरो या काबुकी नटाचं. १८५४ मध्ये ओसाकात त्यानं आत्महत्या केली, जपानी मोजणीनं वय ३२. एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, त्याची दोनशेच्या वर वेगवेगळी शिनि-ए निघाली, त्यातली बरीचशी चित्रकाराच्या सहीविना. माझ्या चित्रात त्याच्या अंगावर मरणाचा फिकट निळा कामिशिमो (सामुराईंचा औपचारिक पोशाख) आहे, एका हातात मृतांना वाहतात त्या शिकिमी झाडाची डहाळी, दुसऱ्यात जपमाळ. वर मृत्यूची तिथी, वय आणि मरणोत्तर बौद्ध नाव. बाई एकेक ओळ बोट न टेकवता दाखवत होत्या, लेक मला सांगत होती. अशा चित्रांत तिथी, वय चुकलेलंही सापडतं, हे त्यांनी विकायच्या आधीच सांगितलं. तिथंच माझा विश्वास बसला.

भिंग लावलं तर निळा रंग काळ्या रेषेच्या अर्धा सूत बाहेर गेलेला. कागद बसवायला ठोकळ्यावर केंतोच्या खाचा कोरलेल्या असतात; त्या असूनही रंग सरकला, म्हणजे कारागीर कागदामागून कागद ओढत होता. पाठ उलटी केली तर बारेन, म्हणजे कागद दाबायची गोल गादी, घासल्याचे गोल वळसे स्पष्ट दिसतात. ते बघून मला आमची रात्रपाळी आठवली आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

मग बाईंनी विकायला नसलेलं एक चित्र आणलं: १८५८ मध्ये निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध चित्रकार हिरोशिगे गेला तेव्हा त्याच्याच काळातला चित्रकार कुनिसादा यानं केलेलं. मुंडण केलेला हिरोशिगे बसलाय, हातात माळ. कडेला त्याची शेवटची कविता आहे: कुंचला पूर्वेच्या वाटेवर ठेवून मी पश्चिमेच्या देशातली (म्हणजे बौद्ध स्वर्गातली) प्रसिद्ध स्थळं बघायला निघालो. सहीत तोयोकुनी (कुनिसादानं तेव्हा हेच नाव घेतलं होतं) लिहितो की हे अश्रू ढाळत काढलंय. इथं रेघ कुठंही हललेली नाही.

तक्रार एकच. माझ्या चित्रामागं जुनी चिकटपट्टी काढल्याचा तपकिरी डाग होता आणि तो मी विचारेपर्यंत कुणी दाखवला नाही. विचारल्यावर मात्र २० हजार येनचे १८ हजार केले, पावतीवर डागाची नोंदही केली. तुम्ही घेताना पाठ बघाच. चिठ्ठ्या फक्त जपानीत आहेत, पैसे रोखच लागतात. चित्र जाड पुठ्ठ्यात सपाट बांधून देतात, गुंडाळी करत नाहीत.

भिंगं दोन आहेत. लाकडी मुठीचं मोठं मागून घ्या, त्यातून कागदाचे धागेसुद्धा दिसतात.