फुकटात मिळणारे जुने शब्दकोश: चार स्टार, एक कापला

शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर आपले जुने कोश फुकट बघता येतात, लॉगिन नाही काही नाही. मी मुख्यतः मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरतो, १८३१ चा पण साइटवरची आवृत्ती १८५७ ची, आणि शेजारच्या टॅबमध्ये प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-हिंदी शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा कोश. खरी मजा या जोडीत आहे. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे शब्द सेम दिसला की आपण अर्थही सेम धरून चालतो आणि तिथेच फसतो.

हिंदीत सरकार 'चेष्टा' करतं म्हणजे प्रयत्न करतं, आपल्याकडे सरकारने चेष्टा केली तर लोक मोर्चा काढतील. मूळ संस्कृत शब्द एकच, हालचाल किंवा खटपट या अर्थाचा. 'शिक्षा' तर अजून भारी, सहा वेदांगांपैकी एकाचं नाव शिक्षा, हिंदीत अजूनही शिक्षणच, आणि मराठीने शिक्षक, शिक्षण हे शब्द तसेच ठेवून एकट्या शिक्षेला अंगठे धरून उभं केलं, का ते आपल्या शाळांनाच विचारा! उलट हिंदीतला 'खाली' म्हणजे रिकामा, तो सरळ अरबीतून आलाय, आपल्या 'खाली बस'शी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि पाव किलो पाव मागताना आपण एका दमात संस्कृत आणि पोर्तुगीज बोलतो, पहिला पाव 'पाद' म्हणजे चौथ्या भागावरून, दुसरा गोव्याच्या वाटेने आलेला.

मोल्सवर्थ बऱ्याच शब्दांपुढे कंसात एक अक्षर टाकतो, संस्कृत की फारसी की अरबी, तेवढ्यावर अर्धी भांडणं मिटतात. पण बस तेवढंच, शब्द कधी आणि कसा वळला याची गोष्ट शोधायला गेलात तर निराश व्हाल. लेखनही जुनं, 'करणें', 'खालीं' असे अनुस्वार डोक्यावर घेऊन बसलेले शब्द, नव्या लेखनाने सर्च करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. अर्थ सगळे इंग्रजीत आणि तेही १८५७ च्या इंग्रजीत, म्हणजे कधीकधी कोशासाठी अजून एक कोश लागतो. एक स्टार त्याचा कापला. इंग्रजी नको असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही त्याच साइटवर आहे, मराठीतून मराठी, त्यात म्हणी आणि वाक्प्रचार पण भरपूर. घरात हिंदीवाली सून किंवा जावई असेल तर बुकमार्क कराच.