बझरची चकती बरी, फोमची टेप नको

पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘बझरची पायझो चकती’ मागा, दुकानदार डब्यातून मूठभर काढून देतो. २७ मिलिमीटरची पितळी चकती, वर पांढरं सिरॅमिक, किंमत चहा-बिस्किटाएवढी. नाटकांसाठी आवाज रेकॉर्ड करायला मी हाच काँटॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवायचा माइक, वापरते. वायर जोडलेलीच घ्या. सुट्या चकतीला सोल्डर करताना गन जरा जास्त टेकली तर सिरॅमिकवरचा चांदीचा थर निघून येतो.

हवेतलं बोलणं ही चकती जवळपास ऐकतच नाही. ज्याला चिकटवाल त्याची थरथर तेवढी घेते. त्यामुळे खाली रिक्षावाले बोंबलत असले तरी जिन्याचा लोखंडी कठडा छान वाजतो. अर्थात, नीट चिकटवली तर.

सगळी गंमत तिथेच आहे. आरसे चिकटवायची जाड फोमची टेप वापरलीत तर वरचे सूर फोमच गिळतो आणि कठडा गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतो. ब्ल्यू टॅक (पोस्टर चिकटवायचा मऊ गोळा) चालतं, पण पातळ दाबायचं. फेविक्विकने आवाज लखलखीत येतो, मात्र चकती सोडवताना पितळ वाकतं आणि सिरॅमिक तडकतं. दुसऱ्याच्या पेटीला तर ते लावूच नका. माझं मत मधमाशीच्या मेणाला, आज्ज्या कुंकवाखाली लावायच्या त्या. चिमूटभर बोटांत मळायचं, पितळी बाजूला पातळ पसरायचं आणि दाबायचं. यंत्रांची थरथर मोजणारे इंजिनिअरही सेन्सर मेणाने लावतात. मेमधल्या तापल्या पत्र्यावर मात्र ते पाघळतं आणि चकती घसरते.

जात्याला लावायची तर खालच्या तळीला, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात वायर खुंट्याला गुंडाळली जाते. आधी पीठ ओल्या फडक्याने पुसून दगड वाळू द्या, पिठावर मेण धरत नाही. मग घरघरीच्या आत दाणे फुटल्याची करकर वेगळी ऐकू येते. साध्या माइकला ती कधीच मिळाली नव्हती.

आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला तर दोष चकतीला देऊ नका, इनपुट बघा. चकती साधारण २० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखी वागते. १० किलोओहम रोधाच्या लाइन इनपुटला जोडली की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खालचे सूर, उतरत जातं. गिटारच्या १ मेगाओहम इनपुटला तीच सीमा ८ हर्ट्झवर येते.

ऑनलाइन मिळणारा एक तयार संचही मागवला होता. वायर बिनशिल्डची, म्हणजे वर तारेच्या जाळीचं आवरण नसलेली, त्यामुळे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण फुकट, आणि चकतीवर तीच फोमची टेप आधीच डकवलेली. तेव्हा चकतीला पाचपैकी चार, संचाला दीड. घेतलाच असेल तर टेप सोलून काढा, राहिलेला चिकटा स्पिरिटने पुसा आणि शिल्डेड वायर लावून घ्या.