हर्मिटाज म्युझियम, सेंट पीटर्सबर्ग: सिथियन प्राण्यांसाठी तरी जाच

बहुतेक लोक इथे पेंटिंग्ज बघायला येतात पण मी मुद्दाम सिथियन वस्तूंसाठी गेले (आपल्या इतिहासातल्या शकांचे हे भाऊबंदच) आणि अक्षरशः वेड लागलं. सोन्याच्या दालनाला वेगळं तिकीट लागतं आणि गाइडसोबतच सोडतात, पण पैसे वसूल!! दक्षिण रशियातल्या कोस्त्रोम्स्काया गावाजवळ 1897 मध्ये सापडलेलं ते सोन्याचं हरीण, जेमतेम 32 सेंमी, पाय पोटाशी घेतलेले आणि शिंगं पाठीवरून लाटांसारखी पार शेपटीपर्यंत गेलेली. तिकडच्याच केलेर्मेस गावाजवळ सापडलेला बिबट्या तर नीट वाकून बघा, त्याच्या पंजांवर आणि शेपटीवर छोटे छोटे बिबटे गोल वेटोळं करून बसलेत, हे एकदम लक्षातच येत नाही. घोड्यावर फिरणारे लोक, मोठे पुतळे कुठे नेणार, म्हणून सगळं जंगल ढालीवर, खोगिरावर, अगदी अंगावर गोंदून घेतलेलं.

मग पाझिरिकच्या (सायबेरियातल्या अल्ताई डोंगरांतली जागा) खोल्या चुकवू नका. तिथल्या थडग्यांत पाणी शिरून बर्फ झाला म्हणून जवळजवळ 2300 वर्षांपूर्वीचं लाकूड, चामडं, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) टिकलाय. नमद्याचा हंस बघून मला भरूनच आलं. लाइट मात्र कमी आहे, वेळ काढून जा.